काटा अडतो तेव्हा

सुरुवातीचे पाच-सहा आठवडे छान गेलेले असतात. वजन भराभर उतरतं, कपडे सैल होतात, घरात कौतुक होतं. मग एक दिवस काटा अडतो. जेवण तेच, चालणं तेच, पण आकडा हलत नाही. पुढच्या महिन्यात तर तो किलो-दीड किलोने वर गेलेलाच दिसतो. काट्यावरून उतरणाऱ्या जोडीदाराचा पडलेला चेहरा आपण पाहतो आणि नेमकं त्याच क्षणी आपल्या तोंडून निघून जातं, "दिवसभरात नक्की काय काय खातेस?"

प्रश्न काळजीपोटीच आलेला असतो. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते: वजन उतरत नाही, म्हणजे प्रयत्न कमी पडताहेत. गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनानंतर ही समजूत टिकत नाही. जोडीदाराला साथ द्यायची असेल, तर आधी त्याच्या शरीरात काय चाललंय ते समजून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ते समजलं की आपला बराचसा राग निवतो, आणि राग निवल्याशिवाय मदत होत नाही.

1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन या हार्मोनचा शोध लावला. तोवर चरबी म्हणजे निमूटपणे पडून राहणारं कोठार, असंच मानलं जायचं. प्रत्यक्षात चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन सोडतात आणि ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सांगत असतं की साठा पुरेसा आहे. चरबी घटली की लेप्टिनही घटतं. मेंदू त्याचा अर्थ 'वजन उतरलं, बरं झालं' असा लावत नाही, 'उपासमार सुरू झाली' असा लावतो. मग तो भूक वाढवतो आणि खर्चाला कात्री लावतो. त्यात 1999 साली जपानमध्ये सापडलेल्या घ्रेलिनची भर पडते. हे हार्मोन मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाच्या वेळेआधी वाढतं आणि भूक चेतवतं. वजन कमी केलेल्या माणसाच्या रक्तात त्याची पातळी आधीपेक्षा वरच राहते.

हे किती दिवस चालतं? 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 50 स्थूल स्त्री-पुरुषांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. त्यानंतर एक वर्षाने रक्त तपासलं, तेव्हाही भुकेच्या हार्मोनांचं पारडं भुकेच्याच बाजूला झुकलेलं होतं, आणि त्या लोकांना प्रत्यक्षातही आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. 2016 साली अमेरिकेतल्या केविन हॉल यांच्या गटाने वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांचं शरीर विश्रांतीत जितकी ऊर्जा खर्च करायला हवी होती, त्याहून रोज सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होतं. स्पर्धेतली घट अतिशय वेगाने झालेली होती, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावता येणार नाही. दिशा मात्र तीच असते. हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जेत चालतं आणि जास्त खायला मागतं. काटा अडतो तो या ओढाताणीमुळे.

पहिल्या आठवड्यांतल्या वेगाचं कारणही इथेच सांगून टाकतो. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा आधी रिकामा होतो, म्हणजे सुरुवातीच्या घटीत बराच वाटा पाण्याचा असतो. खारट खाणं, पाळी, बद्धकोष्ठता यांमुळेही किलो-दीड किलोचा चढउतार सहज होतो. सोमवारचा आकडा आणि मंगळवारचा आकडा यांची तुलना करून कोणाचाही मूड बिघडू देऊ नये.

आता त्या प्रश्नाकडे परत येऊ. खाण्याचा हिशोब चुकत असेल ही शंका अगदीच निराधार नसते. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये 'कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या काही जणांचं प्रत्यक्ष सेवन काटेकोरपणे मोजलं गेलं. त्यांचं चयापचय सर्वसाधारण निघालं, पण खाण्यातला सरासरी 47 टक्के भाग त्यांच्या नोंदीत आलेलाच नव्हता आणि हालचाल त्यांनी 51 टक्क्यांनी जास्त लिहिली होती. यावरून ही माणसं खोटं बोलत होती असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल. आपण काय आणि किती खाल्लं हे आठवून सांगण्यात सडपातळ माणसंही चुकतात. उभ्याउभ्या घेतलेला घास, चव बघताना पोटात गेलेला चमचा, कोणीतरी हातावर ठेवलेला तुकडा हे सगळं स्मरणातून गळून जातं. म्हणून "काय काय खातेस?" या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक असलं तरी अचूक नसतं. ज्याला ते विचारलं जातं त्याला मात्र आपल्यावर आरोप झाल्यासारखं वाटतं. हिशोब हवाच असेल तर खातानाच लिहावा आणि दोघांनी आपापला लिहावा.

टोचून बोलण्याने वजन उतरतं, हा समज फार चिवट आहे. 2014 साली ब्रिटनमधल्या 2,944 प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनावरून ज्यांना वाईट वागणूक मिळाली होती त्यांचं वजन चार वर्षांत सरासरी 0.95 किलो वाढलं, आणि ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांचं 0.71 किलो उतरलं. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, पण लाज वाटली की माणूस सुधारतो या गृहीतकाला त्यातून कुठेच आधार मिळत नाही. लाज वाटली की माणूस व्यायामाला जायचं टाळतो, डॉक्टरकडे जायचं टाळतो आणि एकटं असताना खातो. घरात पहारा सुरू झाला की लपवून खाणं सुरू होतं, मग ते पकडलं जातं, मग विश्वास तुटतो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 साली याचं मूळ सांगितलं होतं: आपलं स्वातंत्र्य कोणी हिरावतंय असं वाटलं, की मनाला नेमकी तीच गोष्ट करावीशी वाटते.

ताटातलं उचलून बाजूला करणं, "हे तुला चालतं का?" असं चारचौघांत विचारणं, आकडा रोज विचारणं याला आपण पाठिंबा म्हणतो. समोरच्याला मात्र तो हुकूम वाटतो. वजन घटवणाऱ्यांच्या अभ्यासांत या दोन प्रकारच्या मदतीतला फरक दिसून आला आहे. ज्यांच्या घरच्यांनी निर्णय त्यांच्या हातात राहू दिला, त्यांना चांगलं यश मिळालं. सूचना आणि देखरेख यांचा उपयोग तर झाला नाहीच, उलट त्यांचा संबंध कमी यशाशी आढळला. म्हणून साधं विचारावं, "यात मी काय केलं तर तुला सोपं जाईल?" आणि उत्तर "काही नको, फक्त विषय काढू नकोस" असं आलं, तर ते मनापासून पाळावं.

मग आपल्या हातात उरतं काय? भरपूर उरतं. दुसऱ्याच्या शरीरावर आपला अधिकार नाही, पण घर दोघांचं असतं. 2019 साली केविन हॉल यांच्याच गटाने 20 जणांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, पाकीटबंद अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, चरबी, तंतू सारखेच होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. माणसं तीच होती, त्यांचा निश्चयही तोच होता, फक्त अन्न बदललं होतं. घरात काय आणायचं आणि काय समोर ठेवायचं हे जिथे ठरतं तिथे जोडीदाराचा निम्मा वाटा असतो. ज्या पुड्याकडे रात्री दहा वाजता हात जातो तो घरात नसेल, तर निग्रहाची परीक्षाच होत नाही. हा बदल मात्र दोघांनी मिळून ठरवलेला असावा आणि दोघांसाठी असावा. एकासाठी पथ्याचं आणि बाकीच्यांसाठी चविष्ट, अशी वाटणी केली की पथ्यावरचा माणूस स्वतःच्याच घरात एकटा पडतो.

सोबत बदलण्याचा परिणाम मोजताही येतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2015 साली 50 वर्षांवरच्या 3,722 जोडप्यांची माहिती तपासली. पत्नीचंही वजन उतरलेलं होतं तेव्हा 26 टक्के पुरुषांचं वजन उतरलं, एरवी 10 टक्क्यांचं. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण 36 आणि 15 टक्के होतं. 2018 साली कनेटिकट विद्यापीठाच्या अभ्यासात 130 जोडप्यांपैकी फक्त एकेकाने वजन घटवण्याच्या कार्यक्रमात भाग घेतला होता, तरी सहा महिन्यांत घरी राहिलेल्या जोडीदारांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचं वजन तीन टक्के किंवा अधिक उतरलं. मात्र बरोबरीने सुरुवात केली तरी शर्यत लावू नये. पुरुषांच्या शरीरात सहसा स्नायू जास्त असतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांचं वजन बहुधा लवकर उतरतं. "मी तर नुसतं गोड सोडलं आणि चार किलो गेले" हे वाक्य कितीही निरागस असलं तरी ऐकणारीला लागतं.

झोपेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे जोडीदाराइतकं कोणीच करू शकत नाही. 2010 साली शिकागोमध्ये दहा जणांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेसाठी देऊन तोच मोजका आहार दिला गेला. दोन्ही वेळा वजन जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेच्या काळात त्यातली चरबीची घट 55 टक्क्यांनी कमी होती. तिच्या जागी स्नायूंसारखं चरबीव्यतिरिक्तचं वजन जास्त गेलं. मूल रात्री उठतं तेव्हा आपण उठणं, दिवे वेळेवर मालवणं ही म्हणजे वजनाच्या कामातलीच मदत आहे. आणि जोडीदार जोरात घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होत असेल, तर ते त्याला स्वतःला कधीच कळणार नाही. बाजूला झोपणाऱ्यालाच ते ऐकू येतं. झोपेतला हा श्वासरोध स्थूलतेशी जोडलेला असतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना ही माहिती आपणच द्यायची.

डॉक्टरकडे जायची कारणं आणखीही आहेत. थायरॉइड मंदावणं, पीसीओएस (स्त्रियांमधला हार्मोनांचा एक विकार), स्टिरॉइड, इन्शुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी वजन वाढू शकतं. औषध मनाने बंद करू नये, पर्याय विचारावा. वजन घटवणाऱ्या नव्या औषधांबद्दल घरात कुजकट बोललं जातं, ते थांबायला हवं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड हे त्यातलं एक औषध घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध आणि मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात त्यातलं दोनतृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण कोणाला आळशी म्हणत नाही.

उलट दिशेची काळजीही घ्यावी. जोडीदार दिवसचे दिवस जेवण टाळत असेल, खाऊन उलटी करत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, किंवा रात्री एकटं बसून थांबताच येत नाही इतकं खाऊन नंतर रडत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे सोबत जावं.

कौतुक कशाचं करायचं, हाही प्रश्न आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 जणांनी भाग घेतला होता. त्यातल्या एका गटाला सात टक्के वजन घट आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. नव्वद किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. आरशात तेवढ्याने फारसा फरक दिसत नाही, पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून कौतुक दिसण्याचं नको. "किती बारीक झालास" ऐकून सुखावलेला माणूस दोन किलो वाढल्यावर आपल्यासमोर यायलाही कचरतो. जिना चढताना दम लागला नाही, पावसातही फिरणं चुकवलं नाही, रक्तातली साखर उतरली, हे बोलून दाखवावं.

बहुतेक घरांत साथ संपते ती वजन उतरल्यावर. ठरवलेला आकडा येतो, अभिनंदन होतं, जुने पुडे हळूच कपाटात परततात, संध्याकाळचं दोघांचं फिरणं एकट्याचं होतं. पण ऑस्ट्रेलियातल्या त्या पन्नास जणांच्या रक्तात वर्षभरानंतरही भुकेची हाक चालूच होती. तुमच्या शेजारी बसून जेवणाऱ्या माणसालाही ती रोज ऐकू येत असते, फक्त तो आता तिच्याबद्दल बोलत नाही. संध्याकाळी त्याने चपला घातल्या की आपणही घालाव्यात, पहिल्या वर्षी घातल्या तशाच दुसऱ्या वर्षीही.