अस्थी (हाड)

अस्थी ही शरीराचा सांगाडा घडवणारी कठीण संयोजी ऊती आहे. प्रयोगशाळेत टांगलेला पांढरा, कोरडा सांगाडा पाहून हाड म्हणजे निर्जीव आधार असा समज सहज होतो. जिवंत शरीरातले हाड मात्र ओलसर व किंचित गुलाबी असते. त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात, आणि ते आयुष्यभर मोडून पुन्हा बांधले जात असते.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो. उरलेल्या भागात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि पाणी यांचा वाटा मोठा. दोघांची कामे वेगळी करून पाहता येतात. हाड सौम्य आम्लात काही दिवस बुडवले की खनिज विरघळून जाते. आकार तसाच राहतो, पण बारीक व लांब हाडाची चक्क गाठ मारता येते. उलट, भट्टीत जाळलेल्या हाडातले कोलॅजेन नष्ट होते आणि ते हाताने चुरडते. कठीणपणा खनिजाचा आणि चिवटपणा कोलॅजेनचा.

मांडीचे हाड उभे चिरल्यास बाहेर घन थर आणि टोकांकडे आतल्या बाजूस जाळीदार हाड दिसते. जाळीच्या पट्ट्या वाटेल तशा नसतात. भार ज्या दिशांनी पडतो त्या दिशांना त्या रचलेल्या असतात. घन भागात रक्तवाहिन्या नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांभोवती वर्तुळाकार थर असतात. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये या नलिकांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हॅव्हर्स नलिका म्हणतात. हाडावरचे पातळ आवरण, म्हणजे पर्यस्थिकला, वेदनेला फार संवेदनशील असते. नडगीच्या पुढच्या कडेवर स्नायूंची गादी नसल्यामुळे तिथला साधा फटकाही कळवळायला लावतो.

अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवतात आणि त्यांच्या मागोमाग अस्थिजनक पेशी तिथे नवे हाड घालतात. एका ठिकाणचे खोदकाम काही आठवड्यांत उरकते, भरणीला मात्र काही महिने लागतात. प्रौढ माणसात दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा भाग असा बदलला जातो. कुठे मोडायचे आणि कुठे घालायचे, हे बरेचसे भारावर ठरते. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा संबंध नियमाच्या रूपात मांडला. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट, अंतराळात भार पडत नसल्याने अंतराळवीरांच्या कमरेच्या व पायांच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक टक्का घटते.

या मोडतोडीचे दुसरे कारण रक्त. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके आणि चेतासंदेश यांना रक्तातल्या कॅल्शियमची पातळी स्थिर लागते. ती घसरली की गळ्यातल्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक हाडातून कॅल्शियम सोडवून घेते. शरीराच्या लेखी हाडाच्या मजबुतीपेक्षा रक्तातले कॅल्शियम अधिक निकडीचे, असेच म्हणावे लागते.

प्रौढ सांगाड्यात २०६ हाडे धरतात. त्यांपैकी १०६ केवळ हात-पायांच्या पंजांत, मनगट व घोटे धरून, असतात. नवजात बालकात ती याहून बरीच अधिक असतात, कारण कवटीची, माकडहाडाची व इतर अनेक हाडे तेव्हा सुट्या तुकड्यांत असतात. चरकसंहितेत ३६० आणि सुश्रुतसंहितेत ३०० अस्थी सांगितल्या आहेत. ही केवळ चूक मानू नये: त्या मोजणीत दातांसारखे, आज हाडात न धरले जाणारे भागही आहेत. सर्वांत लांब हाड मांडीचे, तर सर्वांत लहान कानातले रिकीब, जेमतेम तीन मिलिमीटरचे. जिभेच्या मुळाशी असलेले कंठिकास्थी दुसऱ्या कोणत्याच हाडाशी सांध्याने जोडलेले नसते; ते स्नायू व अस्थिबंधांवर तोललेले असते.

लांब हाडांची वाढ टोकांजवळच्या कूर्चापट्टीत, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीच्या पट्टीत, होते. पौगंडावस्थेच्या अखेरीस या पट्ट्यांचे हाड होते आणि उंची थांबते. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास जुळते. म्हणून वयाच्या अंदाजासाठी ते उपयोगी पडते. हाडांच्या आत मज्जा नावाचा मऊ गर असतो; त्यातल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात. प्रौढपणी ती मुख्यतः मणके, फासळ्या, उरोस्थी आणि कटिभागात उरते. लांब हाडांच्या मधल्या पोकळीत तिची जागा पिवळी, चरबीयुक्त मज्जा घेते.

मोडलेल्या हाडाच्या जागी आधी रक्त साखळते, मग कूर्चा व तंतूंचा मऊ जोड तयार होतो, पुढे त्याचे हाड होते. प्लास्टर हाड जोडत नाही, ते फक्त तुकडे जागेवर धरून ठेवते. ड जीवनसत्त्व कमी पडल्यास मुलांना मुडदूस होतो आणि पाय वाकतात. उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, मोडण्याचा वेग बांधणीला मागे टाकतो आणि हाडे विरळ होतात. या अस्थिसुषिरतेत हाड दुखतेच असे नाही. पुष्कळदा मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावरच ती उघडकीस येते.