‘अस्सल’ घड्याळाच्या दाखल्यावर किती भिस्त ठेवायची?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात, फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात ओमेगा कंपनीचं १९५७ सालचं एक स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. घेणारी खुद्द ओमेगाच होती. तिला ते आपल्या संग्रहालयासाठी हवं होतं. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ते घड्याळ इकडचे-तिकडचे भाग जुळवून बनवलेलं आहे आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. कारखान्याची जुनी दप्तरं ज्यांच्या ताब्यात, तेच फसले. मग ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या महागड्या घड्याळासोबत येणाऱ्या अस्सलपणाच्या दाखल्याचं काय?

तपासणीतला सगळ्यात मजेशीर भाग म्हणजे घड्याळ ऐकणं. टाइमग्राफर नावाच्या उपकरणाच्या मायक्रोफोनवर घड्याळ ठेवतात. आजच्या अनेक यांत्रिक घड्याळांत सेकंदाला ८ ठोके पडतात, म्हणजे तासाला २८,८००. आपल्याला एकच वाटणारी ‘टिक’ ही खरं तर लागोपाठ येणाऱ्या तीन आवाजांची असते. पहिल्या आणि तिसऱ्या आवाजात किती मिलिसेकंद गेले, यावरून आतलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळेचा ठेका धरणारं चाक, किती अंशांचा झोका घेतंय ते कळतं. यंत्र ठणठणीत असेल, तर झोका साधारण २७० ते ३१० अंशांचा भरतो. स्वस्तातल्या नकलेचं बिंग बरेचदा इथंच फुटतं. पण उत्तम नकलेत मूळ यंत्राची मापं तंतोतंत उचललेली असतात, आणि तेल वाळलेलं अस्सल घड्याळ मात्र इथं रडतं. टाइमग्राफरला प्रकृती कळते, कुळी नाही.

धातूचंही तसंच. रोलेक्स ९०४एल हे पोलाद वापरते, तर बहुतेक कंपन्या ३१६एल. पहिल्यात निकेल २३ ते २८ टक्के, दुसऱ्यात १० ते १४. क्ष-किरणांच्या उपकरणाला हा फरक ओळखायला काही सेकंद पुरतात. नकला करणारेही आता ९०४एल वापरतात, ही गोष्ट वेगळी!

जुन्या डायलवरच्या चमकत्या रंगाला फसवणं त्या मानाने अवघड. त्याला चमकवणारं ट्रिटियम किरणोत्सारी असतं, आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, १२.३ वर्षं. पन्नास वर्षांत त्याचा सोळावा हिस्साही उरत नाही. तेव्हा १९७० च्या सुमाराचं डायल रात्रभर लख्ख चमकत असेल, तर तो रंग नंतर कुणीतरी भरलेला आहे. घड्याळ मात्र तरीही अस्सल असू शकतं. म्हणजे ‘खरं की खोटं’ हा प्रश्नच अपुरा. कुठला भाग खरा, हे विचारायला हवं.

आता थोडं गणित, कारण खरी गोम तिथं आहे. समजा, एक पारखी १०० नकलांपैकी ९० पकडतो आणि १०० अस्सल घड्याळांपैकी ५ चुकून नाकारतो. त्याच्याकडे आलेल्या १,००० घड्याळांत १०० नकली असतील, तर ८५५ अस्सल आणि १० नकली मिळून ८६५ पास होतात. दाखला मिळालेल्यांत नकली सव्वा टक्क्याहूनही कमी. आता तोच पारखी, तेच डोळे, पण १,००० पैकी ५०० नकली. पास होतील ५२५, त्यांत ५० नकली, म्हणजे साडेनऊ टक्के. पारख्याचं कौशल्य रतीभरही घटलं नाही, तरी दाखल्याची किंमत घसरली. घड्याळ कुठल्या बाजारातून आलंय, हे दाखल्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय निसटलेल्या नकला या सगळ्यात सफाईदार असतात. पुढचा पारखीही त्यांच्यावरच चकण्याची शक्यता जास्त.

नुसत्या फोटोंवरून मत देणाऱ्या सेवांना मी यात धरतच नाही. फोटोला टिकटिक नसते, धातू नसतो. अनुक्रमांक तर कुठल्याही अस्सल घड्याळाच्या फोटोतून उचलून नकलेवर कोरता येतो. फोटोतलं घड्याळ आणि खोक्यातलं घड्याळ एकच आहे, याचीही हमी नसते. घड्याळ हातात घेणाऱ्या सेवेलाही एक प्रश्न विचारावाच: मागचं झाकण उघडलं होतं का? ते उघडलं की पाणीरोधक रबरी कडी पुन्हा नीट बसवून दाबाची चाचणी घ्यावी लागते. त्यात वेळ आणि पैसा जातो, म्हणून काही जण झाकणाला हातच लावत नाहीत.