कोड वर-खाली केल्याने साईट गूगलवर वर येते का?

होमस्टे, काजू, मसाले, फुलं असा व्यवसाय करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फोंड्यापासून म्हापशापर्यंत अनेक ग्राहक आम्हाला सांगतात, "आमचा मजकूर कोडमध्ये अगदी वर घ्या, म्हणजे आम्ही गूगलवर वर येऊ." एवढ्याच कामासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आम्हीही घेत नाही.

हा सल्ला जुन्या काळचा आहे. तेव्हा वेबपानं टेबलात, म्हणजे तक्त्याच्या रकान्यांत, बांधली जायची. डावीकडचा मेनू कोडमध्ये आधी यायचा आणि मुख्य मजकूर बराच खाली जायचा. आता गूगल पान क्रोमियम ब्राउझरमध्ये (क्रोम ज्यावर बांधलेला आहे तो) उघडून बघतं, आणि २०१९ पासून त्यासाठी ब्राउझरची ताजी आवृत्ती वापरतं. मेनू आधी आहे की मजकूर, यावरून क्रमांक ठरत नाही.

मात्र कोडची एक जागा खरोखर सांभाळायला हवी, ती म्हणजे हेड, कोडचा सुरुवातीचा, पानावर न दिसणारा भाग. पानाचं शीर्षक, वर्णन, मराठी आणि इंग्रजी पानांची जोडी दाखवणारे टॅग (कोडमधल्या खुणा), सगळं तिथेच असतं. हेडमध्ये चित्राचा किंवा आयफ्रेमचा (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीचा) टॅग आला, की हेड तिथेच संपलं असं गूगल धरतं आणि पुढचे टॅग वाचतच नाही. एका होमस्टेच्या साईटवर नेमकं हेच झालं होतं. चॅटच्या खिडकीचा तयार कोड हेडच्या सुरुवातीलाच चिकटवला होता, त्यात आयफ्रेम होती. डोळ्यांना पान उत्तम दिसत होतं, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. आम्ही तो तुकडा खाली बॉडीत, म्हणजे पानावर दिसणाऱ्या भागाच्या कोडमध्ये, नेला. एवढीच दुरुस्ती, पण ती नसती तर भाषांचे टॅग लिहून काही उपयोग नव्हता.

दुसरी गोष्ट क्लिकची. गूगल तुमच्या पानावर बटणं दाबत बसत नाही. "खोल्यांचे दर पाहा" दाबल्यावरच दर सर्व्हरवरून येत असतील, तर ते त्याला दिसत नाहीत. दरपत्रक फोटोत टाकण्यापेक्षा मजकूर म्हणून लिहा.

तिसरी गोष्ट फोटोंची. वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच आणण्याची सोय) लावू नका, तो उशिरा उमटतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली सरकतो. अर्थात वेगाचं वजन मर्यादित आहे. मंगेशीला येणारा माणूस जे शोधतो, ते पानावर लिहिलेलंच नसेल तर वेग काय करणार?

मथळ्यांच्या क्रमाने क्रमांक बदलत नाही. तरीही आम्ही तो नीट लावतो, कारण स्क्रीन रीडरवर पान ऐकणाऱ्यांना त्याचाच आधार असतो.

तपासणीसाठी सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत) आम्हाला वापरकर्ता म्हणून जोडा. गूगलने वाचलेला कोड तिथे दिसतो, तो आम्ही तुमच्यासमोर बसून दाखवू. पासवर्ड मात्र पाठवू नका, त्याची गरज पडत नाही.