अनाहूत जाहिरात-ईमेल

अनाहूत जाहिरात-ईमेल : खातेदाराने मागितलेले नसताना, किंवा पूर्वी कधीतरी दिलेल्या संमतीच्या आधारावर पण आता इच्छा नसताना, विक्रीच्या हेतूने एकगठ्ठा पाठवले जाणारे ईमेल. व्यवहारात या सगळ्यांना सरसकट ‘स्पॅम’ म्हटले जाते. तथापि त्यांत दोन निराळे प्रकार आहेत आणि बंदोबस्ताचा मार्ग प्रकारानुसार बदलतो, म्हणून हा भेद काटेकोरपणे पाळणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात पाठवणारा अनोळखी असतो, पत्ता त्याला परस्पर मिळालेला असतो आणि पुष्कळदा हेतू फसवणुकीचा असतो. दुसऱ्या प्रकारात पाठवणारी संस्था खरी व ओळखीची असते : ज्या दुकानात एकदा खरेदी झाली, ज्या संकेतस्थळावरून एकदा तिकीट काढले, तिथल्या अर्जातील आधीच खूण केलेला चौकोन न पाहता राहून गेला आणि पत्ता यादीत गेला. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत २००७ मध्ये, पिट्सबर्ग येथील एका मेळाव्यात, ‘बेकन’ असे स्वतंत्र नाव सुचवले गेले. ते फारसे रुळले नाही, परंतु त्यामागची भेददृष्टी योग्य होती.

पहिला अनाहूत जाहिरात-ईमेल कोणता, याविषयी एकमत नाही. सामान्यतः हा मान डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीचे विपणन अधिकारी गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटपूर्व अमेरिकन संगणकजाळ्यावर पाठवलेल्या संदेशाला दिला जातो. संदेशाच्या शीर्षभागात १ मे १९७८ ही तारीख आढळते, तर तो प्रत्यक्ष ३ मे रोजी गेला असे मानले जाते. त्यामुळे संदर्भग्रंथांत दोन्ही तारखा दिसतात. डेकसिस्टिम-२० मालिकेतील नव्या संगणकांची प्रात्यक्षिके ९ मे रोजी लॉस अँजेलिस येथे व ११ मे रोजी सॅन मटेओ येथे होतील, असे त्यात कळवले होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे चारशे पत्ते छापील निर्देशिकेतून हाताने टंकण्यात आले. मात्र त्या वेळच्या ईमेल-प्रणालीत इतके पत्ते सामावण्याची सोय नसल्याने उरलेले पत्ते मजकुराच्या जागेत उतरले आणि संदेशाचा आरंभ पत्त्यांच्या लांबलचक ओळींनी झाला. आर्पानेट शासकीय कामासाठी असल्याने अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संपर्कविभागाने या प्रकाराला नियमभंग ठरवून समज दिली.

याहून जुना दावा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सीटीएसएस या सामायिक संगणकप्रणालीचा आहे. तेथे १९७१ च्या सुमारास एका व्यवस्थापकाने सर्व वापरकर्त्यांना युद्धविरोधी संदेश पाठवल्याची आठवण त्या प्रणालीवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी नोंदवली आहे. तो संदेश अनाहूत होता यात शंका नाही. परंतु त्यात विक्रीचा हेतू नव्हता आणि तो एकाच यंत्रणेपुरता होता, म्हणून प्रस्तुत अर्थाने १९७८ चा संदेशच आद्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘आरएफसी ७०६’ (आरएफसी ही संगणकजाळ्याची मानके व सूचना मांडणाऱ्या क्रमांकित टिपणांची मालिका) या टिपणात नकोशा टपालाचा प्रश्न मांडला, म्हणून त्यांना या समस्येचे पहिले भाष्यकार म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. त्या टिपणाचा विषय दोन यजमान संगणकांमधील संदेश हा होता, व्यक्तींना येणारा ईमेल नव्हे. मात्र येणारा संदेश निवडून नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे नाही, हे त्यांनी ओळखलेले मर्म पुढच्या सगळ्या इतिहासाला लागू पडते.

‘स्पॅम’ हे नाव मुळात हॉर्मेल या अमेरिकन कंपनीने १९३७ मध्ये बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे. १९७० मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश नटसंचाच्या एका दूरचित्रवाणी प्रहसनात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हे मांस असते आणि त्या शब्दाच्या पुनरुक्तीत बाकीचे संभाषण बुडून जाते. त्यावरून, नकोसा मजकूर ओतून संभाषण बुजवणे, असा अर्थ रूढ झाला. हा अर्थ प्रथम १९८० च्या दशकातील बहुखेळाडू मजकुरी खेळांत वापरात आला असावा. ३१ मार्च १९९३ रोजी यूजनेट या सार्वजनिक चर्चागटांच्या जाळ्यावर एका सदोष प्रणालीमुळे सुमारे दोनशे संदेश एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले तेव्हा तो चर्चेत आला आणि एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोघा वकिलांनी ‘ग्रीन कार्ड’ सोडतीची जाहिरात हजारो यूजनेट-गटांत टाकल्यावर सर्वतोमुखी झाला. या दोन्ही घटना ईमेलच्या नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ईमेलसाठी तो शब्द नंतर उसना आला.

यादीतून नाव काढण्याची तांत्रिक व्यवस्था : प्रत्येक ईमेलला वाचकाला सहसा न दिसणारा शीर्षभाग असतो. जुलै १९९८ मधील ‘आरएफसी २३६९’ या मानकाने त्यात ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ ही ओळ घालण्याची पद्धत ठरवून दिली. या ओळीत कोनी कंसात एखादा ईमेल-पत्ता, किंवा संकेतस्थळाचा दुवा, किंवा दोन्ही असतात. जीमेल व तत्सम सेवा ही ओळ वाचून पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ असे बटण दाखवतात, म्हणजे मजकुराच्या तळाशी राखाडी बारीक अक्षरांत दडवलेला दुवा शोधण्याची गरज उरत नाही. या पद्धतीत एक अडचण उद्भवली. विषाणू तपासणाऱ्या प्रणाली ईमेलमधील सर्व दुवे आपोआप उघडून पाहतात. दुवा नुसता उघडल्याने नाव कमी होणार असेल, तर वाचकाने काहीही न करता ते कमी होई. ते टाळण्यासाठी पाठवणाऱ्या संस्था मध्ये ‘खात्री आहे का’ असे विचारणारे पान घालत, आणि त्या पानाआडून पुढे पासवर्ड, कारणांची यादी, आवडीनिवडींचा तक्ता असे अडथळे वाढत गेले. जानेवारी २०१७ मधील ‘आरएफसी ८०५८’ ने हा पेच सोडवला : शीर्षभागात आणखी एक ओळ असावी, आणि वाचकाने बटण दाबल्यावर त्याच्या ईमेल-सेवेने पाठवणाऱ्याच्या संगणकाकडे ‘पोस्ट’ पद्धतीने (म्हणजे दुवा नुसता न उघडता माहिती पाठवून) विनंती करावी. तपासणी-प्रणाली दुवे उघडताना ही पद्धत वापरत नाहीत, त्यामुळे अपघात टळतो आणि मधल्या पानाचे निमित्तही उरत नाही. या ओळींवर पाठवणाऱ्याची डीकेआयएम ही अंकीय स्वाक्षरी असावी, अशीही अट आहे.

मानक झाले तरी ते पाळण्याची सक्ती नव्हती. ती गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आणली. जीमेल-खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींच्या ईमेलमध्ये एका टिचकीत यादीतून नाव काढण्याची सोय द्यावी, विनंती दोन दिवसांत अमलात आणावी आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याखाली ठेवावे, असे गूगलचे नियम आहेत. कायद्याने साधले नाही ते दोन सेवापुरवठादारांच्या अटींनी साधले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. एक बारकावा वाचकाने जाणून घ्यावा. सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मजकूर जीमेल मध्येच कापते व ‘पूर्ण संदेश पाहा’ अशा अर्थाचा दुवा दाखवते; तळाचा अनसबस्क्राइबचा दुवा अशा वेळी कापलेल्या भागात जातो आणि तो दिलेलाच नाही असा समज होतो.

कायदे : अमेरिकेचा २००३ चा कायदा (१ जानेवारी २००४ पासून लागू) पूर्वसंमती मागत नाही, नकार कळवल्यावर दहा कामकाजी दिवसांत पाठवणे थांबवावे, असे बंधन घालतो. युरोपीय संघाचे २००२ चे निर्देश पूर्वसंमतीवर उभे आहेत, मात्र चालू ग्राहकांबाबत मर्यादित सवलत देतात. कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ पासून लागू झाला असून तोही संमतीवर आधारलेला आहे.

भारतात जाहिरात-ईमेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. जाहिरातींचे दूरध्वनी व एसएमएस नकोत अशी १९०९ क्रमांकावर नोंद केली की ईमेलही थांबतील, हा समज चुकीचा आहे; दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम दूरध्वनी व एसएमएस यांपुरते आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ मध्ये त्रास वा गैरसोय होईल अशा हेतूने पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. परंतु पालघर येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून झालेल्या अटकेनंतर त्या कलमाला आव्हान दिले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण रद्द केले. भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. ईमेलपुरते मात्र त्याबरोबर या विषयाला सर्वांत जवळचे कलमही गेले. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे तत्त्व आहे. पासवर्ड विचारल्याशिवाय यादीतून नाव न काढणारी व्यवस्था या कसोटीला उतरत नाही.

इनबॉक्सची आवराआवर : ओळखीच्या, खऱ्या संस्थेचा ईमेल नकोसा झाल्यास अनसबस्क्राइब करावे, अनोळखी किंवा संशयास्पद ईमेलमधील कोणताही दुवा, अनसबस्क्राइबचा दुवादेखील, उघडू नये आणि तो स्पॅम म्हणून नोंदवावा. अशा दुव्यावर टिचकी मारल्याने आपला पत्ता चालू असल्याचे कळते व आणखी ईमेल येतात, असे परंपरेने सांगितले जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये दोनशेहून अधिक अशा दुव्यांची व पत्त्यांची तपासणी केली, तेव्हा बहुसंख्य विनंत्यांना दाद मिळाली नाही असे आढळले. तेव्हा ईमेल वाढतात की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी टिचकीचा उपयोग नाही आणि बनावट पानावर पोहोचण्याचा धोका आहे, हे खबरदारीला पुरेसे कारण आहे.

ऑगस्ट २००२ मधील पॉल ग्रॅहॅम यांच्या लेखापासून शब्दांच्या संभाव्यतेवर चालणाऱ्या गाळण्या लोकप्रिय झाल्या, जरी तशा पद्धतीवरील शोधनिबंध १९९८ मध्येच आले होते. या गाळण्या वापरणाऱ्याच्या नोंदीवरून शिकतात; म्हणून स्वतःच घेतलेल्या वार्तापत्राला कंटाळून स्पॅम ठरवणे योग्य नाही, कारण त्याच संस्थेची पावती वा तिकीटही पुढे स्पॅममध्ये जाऊ शकते. जीमेलमध्ये ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द शोधला की बहुतेक जाहिराती एकत्र दिसतात. पत्त्यातील ॲट-चिन्हाच्या आधी अधिकचिन्ह व एखादा शब्द जोडल्यास (‘नाव+दुकान’ असा) ईमेल त्याच खात्यात येतो आणि पत्ता कोणाकडून फुटला हे उघड होते. काही अर्ज मात्र हे चिन्ह स्वीकारत नाहीत.

जागा भरली म्हणून जाहिराती पुसत बसण्याची पद्धत घरोघरी आढळते, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या खात्यांत, आणि तिच्यात त्यांचे श्रम वाया जातात हे पाहून वाईट वाटते. जीमेलच्या विनामूल्य खात्याला छायाचित्रे व ड्राइव्ह धरून १५ जीबी जागा मिळते. एक जाहिरात ७५ केबीची धरली, तर दहा हजार जाहिराती मिळून सुमारे ७५० एमबी होतात. तेवढी जागा मोबाइलवरच्या थोड्याशा चित्रफितींनीही व्यापली जाते. म्हणून जागेसाठी प्रथम मोठ्या जोडण्या असलेले ईमेल शोधावेत (शोधचौकटीत रोमन लिपीत ‘लार्जर’, अपूर्णविराम व ‘१०एम’ असे टंकल्यास १० एमबीहून मोठे ईमेल मिळतात) व पुसलेले ईमेल कचरापेटीतूनही काढावेत, अन्यथा ते ३० दिवस जागा अडवून राहतात. मर्यादा पूर्ण ओलांडली गेल्यास नवे ईमेल येणेच थांबते, आणि तेव्हा परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचे पत्र आणि जाहिरात हे तिन्ही पाठवणाऱ्याकडे सारखेच परत जातात.