दहा राग, एक डिस्को ठेका: चरणजित सिंगांच्या अल्बमची पार्श्वभूमी

उपेक्षित अल्बम कोणते आणि उगाच डोक्यावर घेतलेले कोणते, हा वाद रंगला की चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’चं नाव दोन्ही याद्यांत सापडतं. १९८२ सालचा हा अल्बम मुंबईत तयार झाला, आला तसा विसरला गेला आणि २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढल्यावर ‘जगातला पहिला अ‍ॅसिड हाउस अल्बम’ म्हणून गाजला. अ‍ॅसिड हाउस म्हणजे क्लबांत नाचण्यासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार. आमच्या मते त्याची आधीची उपेक्षा बाजारामुळे झाली आणि नंतरचं कौतुक चुकीच्या कारणासाठी झालं. त्यात खरं काय ऐकण्यासारखं आहे, हे कळायला त्या काळातली यंत्रं आणि राग या दोन्हींकडे एकत्र पाहावं लागतं.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड (विजेवरचं अ‍ॅकॉर्डियन) आणि पुढे सिंथेसायझर ही त्यांची वाद्यं. मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये तेव्हा नवं वाद्य एखाद्या संस्थेच्या खरेदीतून येत नसे. वादक स्वतः परदेशातून आणत आणि ज्याच्याकडे ते वाद्य, त्याला काम. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिनीमूग हा सिंथेसायझर आणला तो असाच. चरणजित सिंगांनी त्याच पद्धतीने रोलँड कंपनीची तीन यंत्रं जमवली: ज्युपिटर-८ हा आठ सूर एकाच वेळी वाजवणारा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं छोटं चंदेरी खोकं. ८०८ बाजारात आलं १९८० मध्ये, बाकीची दोन १९८१ मध्ये. म्हणजे अल्बमच्या वेळी ३०३ जेमतेम वर्षभराचं होतं आणि त्याचं नेमकं काय करायचं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं.

३०३ची कल्पना अशी होती की एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बासवाल्याची सोबत मिळावी. त्या कामात ते सपशेल फसलं, कारण त्याचा आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. साधारण दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. फसण्याचं दुसरं कारण म्हणजे त्यात सुरावट भरण्याची पद्धत. ती नीट समजून घेतली की हा अल्बम निम्मा उलगडतो.

३०३मध्ये एका पॅटर्नला सोळा घरं असतात. वाजवत वाजवत सुरावट नोंदवता येत नाही. आधी स्वर फक्त क्रमाने भरायचे, लय विसरून. मग दुसऱ्या फेरीत काळ भरायचा: प्रत्येक घरात स्वर वाजेल, आधीचा लांबेल की जागा रिकामी राहील. भूप (भूपाळी) रागातली एक साधी ओळ घेऊ: सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. हे दहा स्वर झाले. काळ भरताना दहा घरांना ‘स्वर’ द्यायचा आणि उरलेल्या सहा घरांत लांबवणं किंवा विश्रांती वाटून टाकायची. मोजणीत एक चूक झाली आणि नऊच घरांना स्वर दिला, तर शेवटचा सा वाजतच नाही. ओळ रिषभावर लटकते आणि पुढचं आवर्तन पुन्हा पहिल्या सा पासून सुरू होतं. ज्याला न्यासाची, म्हणजे ओळ कुठल्या स्वरावर विसावते याची जाण आहे त्याला ही चूक लगेच टोचते. ज्याला नाही, त्याला ती एक नवी चाल वाटते. भरलेलं सगळं टिकून राहायचं ते चार मोठ्या सेलच्या जोरावर. सेल काढले किंवा संपले की आतल्या सुरावटींची खिचडी होई.

प्रत्येक स्वराला जोर देता येतो आणि पुढच्या स्वरावर घसरवताही येतं. भूपात गंधार वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर आहे, तेव्हा जोर गंधारावर टाकला की यंत्राची ओळ बरीचशी भूपाची वाटू लागते. घसरण मात्र मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं, नव्हे. तिचा काळ ठरलेला आहे, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक घर सेकंदाच्या आठव्या भागाचं होतं आणि घसरण त्यातच उरकते. गायक मालकंसात धैवतावरून मध्यमावर येताना जो अवकाश घेतो, तो या यंत्रात नाहीच. म्हणून मींडेचं काम ज्युपिटर-८कडे जातं. त्यात दोन सुरांमधली सरक किती वेळ घ्यावी हे बटणाने ठरवता येतं आणि डाव्या हाताच्या दांड्याने सूर वाकवताही येतो. अल्बम ऐकताना खाली अखंड बुडबुडत चाललेली ओळ ३०३ची आणि वर गाणारा, ओढला जाणारा सूर ज्युपिटरचा, एवढं कानाने वेगळं केलं की रचना स्वच्छ दिसते.

आणखी एक हिशेब पाहण्यासारखा आहे. सोळा घरं म्हणजे सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन. १२० ठोक्यांच्या डिस्कोत ही सोळा घरं दोन सेकंदांत संपतात, म्हणजे मिनिटाला ४८० मात्रा. हा वेग सतारीच्या झाल्याचा, म्हणजे वादनाच्या शेवटच्या अतिद्रुत भागाचा आहे. डिस्कोवर राग बसवायचा तर दोन वाटा उरतात: चार ठोक्यांना चार मात्रा मानून मध्यलयीत चालायचं किंवा सोळा घरांना मात्रा मानून थेट झाल्यात शिरायचं. इथे खालची ओळ झाल्याच्या वेगाने पळते आणि वरचा सूर निवांत लयीत विस्तार करतो. चार दशकं उलटून गेली तरी हा तोल जुना वाटत नाही.

हे सगळं एकमेकांशी बांधणंही तेव्हा सोपं नव्हतं. मिडी ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना जोडणारी समाईक भाषा आली १९८३ मध्ये. त्याआधी रोलँडची स्वतःची पाच पिनांची केबल होती. ती ८०८ मधून ३०३ ला जोडली की दोन्ही एकाच लयीत चालत. ज्युपिटर-८च्या पाठीमागे त्याच्या अर्पेजिएटरसाठी (दाबलेले सूर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) बाहेरून लय घेण्याची वेगळी खाच होती. या केबलीतून फक्त लय जाते, कुठला स्वर वाजवायचा ते जात नाही. म्हणजे रागाचं सगळं व्याकरण वादकाच्या डोक्यात आणि बोटांत, यंत्रांकडे फक्त घड्याळ.

अल्बममधल्या रागांची निवड या मर्यादांच्या कसोटीवर तपासता येते. भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहापैकी चार राग औडव, पाच स्वरांचे. पाच स्वरांत चूक व्हायला जागा कमी असते आणि प्रत्येक स्वरसंगती रागाची ओळख सांगते, म्हणून हे चार यंत्रावर सर्वांत चांगले बसतात. कलावतीतला कोमल निषाद आणि मालकंसातला मध्यम तर त्या चिकट आवाजात खुलतात. तोडीची गोष्ट वेगळी. तिचा गंधार कीबोर्डावरच्या कोमल गंधारापेक्षा उतरता लागतो आणि ३०३ला बारा ठरीव सुरांपलीकडे काही ठाऊक नाही. परिणामी आरोह-अवरोह बरोबर असूनही तोडीची व्याकुळता हाती लागत नाही. ललतात दोन मध्यम लागोपाठ येतात ते यंत्रावर छान दिसतात, पण ललत म्हणजे नुसते दोन मध्यम नव्हेत. मधुवंतीचंही तेच. हा अल्बम निर्दोष नाही असं आम्ही म्हणतो ते यासाठी. शिवाय ठेका जवळजवळ सगळीकडे तोच सरळ डिस्कोचा राहतो. सलग पन्नास मिनिटं ऐकण्यापेक्षा दोन-दोन राग ऐकले तर जास्त पोचतात.

मग तो चालला का नाही? डिस्कोची हवा तर होती. १९८० मध्ये ‘कुर्बानी’, १९८१ मध्ये नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आणि १९८२ मध्येच ‘डिस्को डान्सर’. पण तिथे सिनेमा होता, गळा होता, चेहरा होता. इथे गायक नाही, शब्द नाहीत, पडदा नाही. रागाच्या श्रोत्याला मुखपृष्ठावर ‘डिस्को’ दिसतं, डिस्कोवाल्याला ‘राग’. त्यातच ८३-८४ नंतर स्वस्त कॅसेटींनी एलपीचा बाजार खाल्ला आणि कमी खपलेल्या तबकड्या पुन्हा छापण्याचं कारणच उरलं नाही. एक तांत्रिक अडचणही होती. पाच-पाच मिनिटांचे दहा राग एका एलपीवर म्हणजे एका बाजूला सुमारे पंचवीस मिनिटं. बाजू इतकी भरली की चरे दाटीने कापावे लागतात, आणि खर्जाला रुंद चरा लागतो. मग एकतर एकूण आवाज खाली आणावा लागतो किंवा खर्ज छाटावा लागतो. ८०८चा ढोल पन्नास हर्ट्‌झच्या आसपास घुमतो. त्याचा दम मूळ तबकडीत पुरता उतरणं कठीणच होतं.

अमेरिकेत दुसऱ्या टोकाने तेच यंत्र गाजलं. कुणी न घेतल्यामुळे ३०३ जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्यातली ओळ तशीच फिरत ठेवली आणि आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरची बटणं पिळत राहिले. रॉन हार्डी हा डीजे त्यांची टेप म्युझिक बॉक्स क्लबमध्ये वाजवायचा. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ती १९८७ मध्ये तबकडीवर आली आणि अ‍ॅसिड हाउस जन्मलं. आता दोन्ही शेजारी ठेवून ऐका. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये स्वर जवळजवळ हलत नाहीत, आवाजाचा पोत सारखा बदलतो. चरणजित सिंगांकडे पोत बराचसा स्थिर आहे आणि स्वर हलतात. यंत्र एक, विचार उलटे. शिकागोच्या मंडळींनी हा अल्बम ऐकला होता असा कोणताही धागा नाही. ‘पहिला अ‍ॅसिड हाउस’ हे बिरुद त्यामुळे दोघांवरही अन्याय करतं: शिकागोचा शोध हिरावून घेतं आणि मुंबईच्या वादकाची रागाची समज योगायोगाच्या खात्यात टाकतं. ३०३ इतरांनीही लवकर वापरलं होतं. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूसचं ‘रिप इट अप’ १९८३ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचलं, त्यात तेच खोकं आहे.

‘भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत’ हा दावाही टिकत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी मूग सिंथेसायझरची यंत्रणा बसवली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिच्यावर काम केलं. त्या टेपा पॉल पर्गस यांनी शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या अल्बमरूपाने आल्या. आमच्या हिशेबात खरी उपेक्षा या टेपांची झाली, कारण त्या दुकानापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या.

चरणजित सिंगांची तबकडी निदान पोचली होती. एडो बाउमन या डच संग्राहकांना ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली. पुढे त्यांनी मुंबईत चरणजित सिंगांना गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन लेबलवर अल्बम पुन्हा काढला. तो आवाज इतका अनपेक्षित होता की काही श्रोत्यांना ही आधुनिक बनावट वाटली. पुनर्प्रकाशनाची ही वाट इतरांच्याही वाट्याला आली. रूपा बिश्वास यांचा कॅनडात ध्वनिमुद्रित झालेला ‘डिस्को जॅझ’ही १९८२ चाच, तो न्यूमेरो ग्रूपने २०१९ मध्ये काढला. रॉकमध्ये मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा अल्बम १९८१ मध्ये आला तेव्हा बँड मोडून गेला होता. वाजवायला कुणी नाही, तर अल्बम खपवणार कोण?

नशिबाचा हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ मार्च १९६७ मध्ये आला. मागच्या मुखपृष्ठावर ज्याची प्रतिमा दिसत होती, त्या एरिक एमर्सनने हरकत घेतली आणि अल्बम ऐन विक्रीच्या काळात दुकानांतून परत बोलवावा लागला. बिलबोर्डच्या यादीत तो तेव्हा १७१च्या वर चढला नाही. आज तो रॉकच्या प्रत्येक थोर यादीत असतो आणि म्हणूनच ‘ओव्हररेटेड’च्या यादीतही. संगीत तेच आहे. बदलला तो पुरवठा आणि भोवतीची कथा.

गोव्याचं नावही या चर्चेत ओढलं जातं. हणजुणेच्या किनाऱ्यावर पुढे फोफावलेल्या ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात ३०३सारखा आवाज भरपूर आहे, पण तो युरोप-अमेरिकेतून आलेल्या टेपांवरून आला. चरणजित सिंगांच्या अल्बमशी त्याचं नातं जोडायला काहीच पुरावा नाही.

अल्बमबद्दल मत बनवण्याआधी ऐकण्याची सोय नीट करा. मोबाइलच्या स्पीकरमधून ८०८चा खर्ज येतच नाही. वर फक्त टाळीचा आवाज आणि ३०३ची किणकिण उरते, मग अल्बम चिरका आणि पातळ वाटतो. बऱ्या हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर आधी कलावती लावा, मग तोडी. कलावतीत यंत्र रागाच्या बाजूने उभं आहे. तोडीत ज्युपिटरचा सूर गंधाराकडे वाकतो आणि त्याच वेळी खालचं ३०३ आपला ठरीव गंधार ठोकत राहतं. दोन गंधारांमधली ती फट कान देऊन ऐका.