राणीसाहेबांचा जुना फोटो पाठवण्याआधी

एखाद्या राणीच्या जुन्या व्यक्तिचित्राची प्रत आमच्या दुकानात करायला देताना बहुतेक ग्राहक विचारतात: या कोण, अंगावरच्या खुणांचा अर्थ काय, खाली नाव काय घालायचं? वर्णनपट्टी आम्ही फ्रेमसोबत देतोच. काम अडतं ते एकाच कारणाने. आलेला फोटो डावा-उजवा उलटा असतो.

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला की बऱ्याचदा असं होतं. काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने स्कॅन केली तरी हेच. निगेटिव्हची चकचकीत बाजू आपल्याकडे धरा, चित्र सुलटं दिसतं. मंद, मसाल्याची (रासायनिक लेपाची) बाजू आपल्याकडे आली की उलटं.

एवढ्याने काय बिघडतं? संस्थानी राण्यांच्या चित्रांत बाजूलाच अर्थ असतो. व्हिक्टोरिया राणीने 1878 मध्ये ‘क्राउन ऑफ इंडिया’ हा फक्त स्त्रियांसाठीचा किताब सुरू केला. बडोद्याच्या राणी जमनाबाईसाहेबांनाही तो मिळाला होता. त्याचं पदक पांढऱ्या कडेच्या फिकट निळ्या फितीच्या ‘बो’ गाठीला अडकवून स्वतःच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ लावत. मोत्यांच्या लंबगोल चौकटीत व्ही, आर, आय (V, R, I) ही रत्नजडित अक्षरं आणि वर मुकुट. भिंग लावून बघा: व्ही आणि आय उलटूनही तसेच दिसतात, आर मात्र पाठमोरा होतो. मराठी घराण्यातली नथ डाव्या नाकपुडीत असते. पदक आणि नथ दोन्ही राणीच्या उजव्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे दिसली तर फोटो उलटा. एकाच खुणेवर मात्र निकाल देऊ नका. आणि पदक असेल तर चित्र 1878 च्या आधीचं नाही, हेही कळतं.

रंगांचंही तसंच. त्या काळच्या फोटोच्या काचा (निगेटिव्ह) लाल रंग टिपत नसत आणि निळा पांढरट दाखवत. त्यामुळे कुंकू काळं येतं, माणिक काळं येतं आणि निळा बो पांढरा. रंग भरणारी ॲपं तो खुशाल पांढराच ठेवतात. आम्ही मागितल्याशिवाय रंग भरत नाही, त्याचं कारण हेच.

कपाळ आणि गळा मोकळा असेल तर चित्रकाराचा विसर समजू नका. राणी विधवा असू शकते. जमनाबाईंचे पती खंडेराव 1870 मध्येच वारले होते. पण नुसतं मंगळसूत्र दिसत नाही एवढा पुरावा पुरत नाही, जड हारांखाली ते झाकलं जातं. मागचा खांब-पडदा बहुधा स्टुडिओचा, वाड्याचा नव्हे. हातातलं पुस्तकही कधी कधी स्टुडिओचंच. आणि भिंतीवरची रंगीत ‘राणी’ रवि वर्मा छापखान्याची असेल तर ती बहुतेक वेळा लक्ष्मी, सरस्वती किंवा दमयंती निघते!

फोटो पाठवताना शक्य असेल तर फ्रेमची काच काढा, मागचा कॅमेरा वापरा आणि कडेची छापील ओळ कापू नका. पूर्ण चित्र, चेहरा, दोन्ही खांदे, हात आणि पाठीमागचा कागद, असे पाच फोटो पुरतात. कार्डावर चिकटवलेला छोटा फोटो असेल तर 1200 डीपीआयवर, मोठा असेल तर 600 वर स्कॅन करा. जमत नसेल तर मूळ फोटो दुकानात आणा, तुमच्यासमोर स्कॅन करून तिथेच परत देतो. बाजू पक्की झाल्याशिवाय आम्ही प्रत छापत नाही. नावाची खात्री नसली तर पट्टीवर ‘बहुधा’ छापतो, आणि तो शब्द काढायला सांगितलं तरी काढत नाही.