शॉकअप बदलले, आता गाडी डावीकडे ओढते?

सस्पेन्शनचं काम करून गाडी नेली की कधीकधी दोन दिवसांत फोन येतो, "गाडी पहिल्यासारखी चालत नाही." फोन जरूर करा. फक्त 'अलाइनमेंट परत करून द्या' म्हणण्याआधी गाडी नेमकं काय करते ते बघून ठेवा.

आधी हवा. टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरा. पुढच्या दोन चाकांत चार-पाच पीएसआयचा फरक पडला तरी गाडी ओढते. शिवाय आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात. हात सैल सोडल्यावर गाडी सावकाश तिकडे सरकली, तर तो दोष नाही.

त्याहून जास्त ओढत असेल तर आम्ही पुढचे टायर आपसांत बदलून बघतो. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा, उगाच पार्टवर पैसे घालू नका. फक्त ब्रेक मारतानाच ओढली तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग), नाहीतर लोअर आर्मचा बुश, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं दिसतं, ते टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांडीच्या) सेटिंगचं काम.

सगळ्यांत फसवा प्रकार बुशचा. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, आणि तशातच आर्मचे बोल्ट आवळले, तर रबर त्याच जागी पकडलं जातं. गाडी खाली घेतली की त्याला पीळ बसतो. मग गाडी पुढून किंचित उचललेली दिसते, खड्ड्यात कडक लागते आणि नवाकोरा बुश लवकर फाटतो. अलाइनमेंटचं मशीन चाकांचे कोन मोजतं, रबराचा पीळ नाही. सुरुवातीला ही चूक आमच्याही हातून झाली आहे. आता वजन चाकांवर आल्यावरच हे बोल्ट टॉर्क पान्याने शेवटचे आवळतो. दुसरीकडे काम केलेल्या गाडीतही, रबर शाबूत असेल तर बोल्ट सैल करून पुन्हा आवळले की भागतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टण्ण' आवाज येतो, वळणानंतर ते आपसूक सरळ होत नाही? शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग बघावं लागेल.

खडखड येते आणि स्टिअरिंगही सैल लागतं, तर मात्र गाडी चालवत आणू नका. फोन करा, जागेवर माणूस पाठवतो.

येताना आधीच्या अलाइनमेंटचा कागद आणा. आणि गाडी रोज जो चालवतो त्यानेच यावं. त्याला शेजारी बसवून एक फेरी मारली की बरंच कळतं.